गिरणीत लाल बावटा, चाळीत भगवा

मे महिन्यात लालबाग-काळाचौकीच्या चाळींत सर्वेला जायचं म्हणजे निम्म्या दारांना कुलूप. घरंच्या घरं कोकणात गेलेली असतात. २०२४ च्या लोकसभेला मुंबईचं मतदान २० मेला झालं आणि तिसऱ्या दिवशी आम्ही फॉर्म घेऊन चाळींत शिरलो. देशातली शेवटची फेरी १ जूनला होती, तोवर आमच्या कामातलं एक अक्षरही बाहेर जायचं नव्हतं. मतदार यादीतून ठरावीक अंतराने उचललेली पंचवीस नावं माझ्या हातात होती. ज्याचं नाव, त्याच्याशीच बोलायचं. बायको घरी नाही म्हणून नवऱ्याला विचारलं, असं चालत नाही. दुपारी दोन वाजेपर्यंत माझे चार फॉर्म झाले होते आणि अंगातल्या घामाने पाचव्याची पानं ओली होत होती.

हे काम मी बारा वर्षं करते. एरवी साबण, चहा पावडर, मोबाइलची कार्डं आणि मधूनमधून निवडणूक. एवढी वर्षं दारं वाजवली की घर बघूनच उत्तरं दिसायला लागतात. दारावर कुठला स्टिकर आहे, कॅलेंडर कोणत्या नगरसेवकाने वाटलेलं आहे, भिंतीवर कोणाचा फोटो आहे. माणूस पाण्याचा ग्लास पुढे करेपर्यंत माझ्या मनात त्याचा पक्ष लिहून झालेला असायचा. त्या दिवसापर्यंत मला याचा अभिमान होता.

तिसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. दार उघडंच होतं. आत दहा बाय बाराची जागा, वर पोटमाळा, मोरीच्या कठड्यावर भरून ठेवलेल्या कळश्या. देव्हाऱ्याच्या वर बाळासाहेब ठाकऱ्यांचा फोटो आणि त्याला झेंडूचा सुकलेला हार. यादीतलं नाव आजोबांचं होतं. वय ७६, निवृत्त गिरणी कामगार, गाव सिंधुदुर्गात. गुडघ्यामुळे या वर्षी गावी गेले नव्हते.

"बस गो बाय, आधी पाणी पी," म्हणाले.

पाणी पिता पिता मी मनात 'शिवसेना' लिहून टाकलं. उरला प्रश्न कोणती, एवढाच. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं, ठाकरे गटाकडे मशाल राहिली. दक्षिण मुंबईत या वेळी दोन्ही चिन्हं समोरासमोर होती.

आमच्याकडे मताचा प्रश्न तोंडी विचारत नाहीत. चिन्हं छापलेली एक चिठ्ठी देतात आणि वर फट असलेली, बुटाच्या खोक्याएवढी पुठ्ठ्याची पेटी पुढे धरतात. आजोबांनी चिठ्ठी घेतली, भिंतीला धरत खिडकीपाशी गेले, माझ्याकडे पाठ केली. खूण करून चिठ्ठीची चार वेळा घडी घातली आणि पेटीत टाकून वरून बोटाने आत ढकलली. ती घडी मी उघडली नाही, ते काम ऑफिसचं.

पुढचा प्रश्न तोंडी होता. "आजोबा, तुम्ही स्वतःला कोणत्या पक्षाच्या जवळचे मानता?"

"कुठल्या सालातलं सांगू?"

मी म्हटलं, आत्ताचं सांगा. त्यावर त्यांनी मान हलवली. आत्ताचं एकटं सांगून तुला काय कळणार, असा त्याचा अर्थ होता.

१९६७ ला ते गिरणीत लागले, बदली कामगार म्हणून. सकाळी भोंग्याआधी गेटवर उभं राहायचं आणि कोणी दांडी मारली तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, जायचं. कागदोपत्री त्यांच्या वतीने बोलायचा हक्क काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यातल्या एकाच युनियनला मान्यता मिळे आणि गिरण्यांत ती या संघाकडे होती. आजोबा पावती मात्र लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनची, फाडायचे. आणि संध्याकाळी आंघोळ करून शाखेत जायचे, शिवसेनेच्या.

"भाषणं ऐकायला?"

"छे. चाळीत मयत झालं तर सामान कोण आणणार? पोराचं नाव शाळेत घालायचं तर चिठ्ठी कोण देणार? गिरणीत जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, भांडायला लाल बावटा, चाळीत भगवा. आमच्या मजल्यावर असे दहा-बारा जण होते. कोणी कोणाला विचारलं नाही, तू असा कसा म्हणून."

मग त्यांनी जे सांगितलं त्यावर मी पेन खाली ठेवलं. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, समोर शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिक निवडून आले आणि सेनेचे पहिले आमदार झाले. तेव्हा मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळायचा, आजोबांचं ते आयुष्यातलं पहिलं मत.

"कृष्णा देसाईंच्या अंत्ययात्रेत मी चाललोय. रडलोय. आणि मत वामनरावांना दिलंय." एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं आणि मिरवण्यासारखंही नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत हे चौतीस वर्षांचे. घरात दोन मुलं. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या मागण्यांत पगाराबरोबर तो १९४६ चा कायदा रद्द करण्याचीही मागणी होती. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. डिसेंबर १९८४ मध्ये देशभर काँग्रेसची लाट होती, चारशेच्या वर जागा आल्या, आणि तरी गिरणगावाने डॉक्टरांना लोकसभेत पाठवलं. आजोबांचं मत अर्थात डॉक्टरांना. त्यानंतर काही महिन्यांत पालिकेची निवडणूक झाली. तिथे आजोबांनी परत सेनेला मत दिलं आणि त्या वर्षी पालिका सेनेकडे आली.

फॉर्ममध्ये एक पट्टी असते, शून्य ते दहा. शून्य म्हणजे अगदी डावे, दहा म्हणजे अगदी उजवे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं की हे शब्द १७८९ च्या फ्रान्सच्या सभागृहातून आले. राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, विरोधातले डाव्या हाताला. मी पट्टी पुढे केली आणि विचारलं, तुम्ही यात कुठे?

"डावा साचा की उजवा?" आजोबा म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून उभेच राहिले. दोन साच्यांच्या मध्ये विणकर कसा उभा राहतो ते त्यांनी मला करून दाखवलं. एकाचा धागा तुटला की इकडे वळायचं, गाठ मारेपर्यंत पाठीमागचा चालूच असतो, त्याचा आवाज बदलला की न बघता तिकडे. मग उजव्या हाताची मूठ तोंडाशी नेली. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी नळी. धोट्यात सुताची नवी कांडी भरली की धोट्याच्या भोकाला ओठ लावून धाग्याचं टोक ओढून घ्यायचं. त्यांनी मुठीतून हवा ओढली, सुर्र असा बारीक आवाज आला.

"या तोंड लावण्यापायी आमच्या वडिलांच्या काळात अस्पृश्य माणसाला साचेखात्यात घेत नव्हते. धोटा विटाळतो म्हणून." बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपात नेमका हाच प्रश्न लावून धरला होता, हे आजोबांना ठाऊक होतं. "माझ्या शेजारच्या साच्यावर बौद्ध गडी होता. त्याने तोंड लावलेल्या धोट्याला मी लावायचो, मी लावलेल्याला तो. अकरा वर्षं. मी आरक्षणाच्या विरुद्ध बोलू? लिही, पाहिजेच."

मी लिहिलं, पूर्ण सहमत.

दोन प्रश्नांनंतर आलं, आंतरजातीय लग्नांना सरकारने प्रोत्साहन द्यावं का? आजोबा म्हणाले, "नाही. हे सरकारचं काम नाही आणि बरंही नाही." आतून सूनबाईंचा आवाज आला, "बाबा चार वर्षं ताईंशी बोलले नाहीत लग्नावरून." ताई म्हणजे आजोबांची मुलगी. आजोबा गप्प झाले. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मग म्हणाले, "ते वेगळं." मी लिहिलं, पूर्ण असहमत.

बाकीचे पटापट झाले. संपाचा हक्क असावा, हे माझं वाक्य पुरं होण्याआधी हो. बेस्टच्या बस बेस्टनेच चालवाव्यात, कंत्राटदार नको. देशाला एक कणखर नेता हवा, पूर्ण सहमत. अयोध्येत मंदिर झालं, आनंद झाला, २२ जानेवारीला गॅलरीत पणत्या लावल्या. मुंबईत बाहेरून येणारे लोंढे थांबवावेत, हो. मी विचारलं, खालचा इस्त्रीवाला उत्तर प्रदेशचाच ना? "त्याला कशाला घालवायचा? तो आमचा आहे." हेही मी शब्दाला शब्द लिहून घेतलं, समासात, कारण त्याला रकाना नव्हता.

त्या समासात लिहिताना मला माझीच लाज वाटली. फोटो बघून मी जे लिहिलं होतं ते पुरतं खोटं नव्हतं. हा माणूस पन्नास वर्षं शाखेत गेलाय. पण त्याच्या मनात काय आहे यातलं त्या एका शब्दाने मला काहीच कळलं नसतं. कामगार म्हणून तो एकीकडे, देव-धर्मात दुसरीकडे, जातीच्या प्रश्नात एक पाय पुढे आणि एक मागे. हे सगळं त्याने कुठल्या जाहीरनाम्यातून घेतलेलं नव्हतं. साच्यावर, मयताला, मुलीच्या लग्नात, त्या त्या ठिकाणी त्याला जे पटलं ते पटलं. पक्षाशी नातं होतं ते वेळेला कोण उभं राहिलं याचं.

आणि पक्ष तरी कुठे एका जागी राहिला? १९६६ ला मराठी माणसाच्या नोकऱ्यांसाठी निघालेल्या सेनेने १९७५ ला आणीबाणीला पाठिंबा दिला, १९८४ ला तिचे उमेदवार कमळ चिन्हावर लढले, १९८९ ला हिंदुत्वावर युती झाली, २०१९ ला काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर सरकार आलं, मग दोन सेना झाल्या. भिंतीवरचा फोटो या सगळ्यात तोच. यातल्या कोणत्या वर्षीचा शिवसैनिक असं मी लिहायचं होतं?

पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ ला, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि वर चिन्ह चिकटवलेलं, कारण बहुतेकांना वाचता येत नव्हतं. चिन्ह होतं मतदाराला उमेदवार ओळखता यावा म्हणून. आम्ही, म्हणजे सर्वेवाले, पेपरवाले, टीव्हीवाले, ते उलटं धरलं आणि चिन्हावरून मतदार ओळखायला लागलो. "हा एरिया अमक्याचा", "ही वस्ती तमक्यांची". मी स्वतः हे रोज बोलत आले आहे.

निघताना सूनबाई दारापर्यंत आल्या. त्यांचं नाव माझ्या यादीत नव्हतं. "ताई, आमच्या घरात चार मतं आहेत, ती चार ठिकाणी जातात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाहेर सगळे म्हणतात हे सेनेचं घर. आम्ही पण म्हणू देतो."

संध्याकाळी भारतमाता सिनेमाजवळच्या चहाच्या टपरीवर सुपरवायझरने फॉर्म तपासायला घेतले. आजोबांच्या फॉर्मवर तो थांबला. "हा गडबड आहे. इथे एक म्हणतो, इथे उलटं. म्हाताऱ्याला प्रश्न कळले नाहीत वाटतं. रद्द करून दुसरं नाव घे."

मी म्हटलं, "त्यांना सगळे प्रश्न कळले. मला एवढं नीट कोणी उत्तर दिलेलं नाही."

"मग पक्षाच्या जवळिकीला गोल का नाही?"

"एकाला नाही करता येत."

"एकच करायचा असतो ग."

माणूस वाईट नाही. त्याला रात्री आकडे पाठवायचे होते आणि दुसऱ्या दिवशी घाटकोपरचं बूथ होतं. पण मी फॉर्म सोडला नाही. बराच वेळ आम्ही वाद घातला, चहावाला दोनदा वळून बघत होता. शेवटी फॉर्म राहिला. सुपरवायझरने त्या प्रश्नासमोर स्वतःच्या पेनाने ९८ लिहिलं आणि गठ्ठ्यात ठेवायला माझ्याकडे दिला.

आमच्या कोडमध्ये ९८ म्हणजे 'सांगता येत नाही'.

पंचावन्न मिनिटं तो माणूस माझ्याशी बोलला होता. साल सांगून, उभं राहून, मूठ ओठाला लावून बोलला होता. मी फॉर्म उलटा केला. शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी असते, ऑफिसात ती कोणी टाइप करत नाही. टपरीच्या बाकड्यावर बसून मी त्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. १९६७, बदली कामगार. पावती लाल बावट्याची, संध्याकाळी शाखा. १९७०, पहिलं मत वामनरावांना, अंत्ययात्रा कृष्णा देसाईंची. पान भरलं तेव्हा दिवे लागले होते. मग गठ्ठा बांधला.