सहा होते, चार ठेवले

"हिचं शेवटचं वजन कधी केलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

टेबलावर माझी लेपर्ड गेको होती, म्हणजे पाळीव पालीची एक जात. ही गेको चरबी शेपटीत साठवते. एरवी माझ्या अंगठ्याएवढी जाड असणारी तिची शेपटी पेन्सिलीसारखी झाली होती. काटा ४९ ग्रॅम दाखवत होता. घरी येऊन वही उघडली, तर शेवटची नोंद ६८ ग्रॅमची आणि तीही ११ आठवड्यांपूर्वीची. तिच्या टँकच्या, म्हणजे काचेच्या पेटीच्या, गरम बाजूवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. तिथला पृष्ठभाग ३२-३३ अंश सेल्सिअस हवा, तो २४ निघाला. खालचा हीट मॅट (टँक गरम ठेवणारी विजेची चटई) बंद पडला होता आणि तो केव्हा बंद पडला हेही मला सांगता येत नव्हतं. सरपटणारे प्राणी अंगातली ऊब बाहेरून मिळवतात. ती मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही आणि मग खाणंच सुटत जातं. मी एक दिवसाआड तिच्यापुढे किडे ठेवत होते, उरलेले उचलत होते आणि आज भूक नसेल असं समजून पुढच्या टँककडे वळत होते. पुढे आणखी पाच टँक होते.

दोन लेपर्ड गेको, एक बिअर्डेड ड्रॅगन (सरडा), दोन कॉर्न स्नेक आणि एक बॉल पायथन (छोटा अजगर). एकही प्राणी मी हौसेच्या भरात आणला नव्हता. प्रत्येकाच्या वेळी वाचलं होतं, टँक आधी तयार करून तापमान आठवडाभर तपासलं होतं. पण दर वेळी मी एकच प्रश्न विचारला होता, याची नीट सोय करता येईल का? सगळ्यांची मिळून येईल का, हे कधी विचारलंच नव्हतं.

जागा हा माझा एकमेव हिशेब होता. भिंतीशी अजून एक टँक मावतो ना, मग झालं. जागेच्या हिशेबाचा मोह पुढे कुठे नेतो तेही मी पाहिलंय. दोघांना एकत्र ठेवलं की एक टँक वाचतो. एका ओळखीच्या घरी दोन बिअर्डेड ड्रॅगन दिव्याखाली एकमेकांवर बसलेले होते आणि सगळे त्यांच्या प्रेमाचं कौतुक करत होते. वरचा खालच्याचं ऊन आणि यूव्हीबी (दिव्यातले, हाडांसाठी लागणारे अतिनील किरण) अडवत होता, एवढाच त्याचा अर्थ. खालचा वयाने तेवढाच, पण आकाराने निम्मा राहिला होता. ड्रॅगन, गेको, साप, हे सगळे एकेकटे राहणारे जीव. माझ्याकडे तरी प्रत्येकाचा टँक वेगळा होता, हे एक बरं होतं.

गेकोचं औषधपाणी सुरू झालं आणि त्याच दिवशी मी वहीत नवं पान काढलं. ठरवलं की महिनाभर प्रत्येक प्राण्यामागे लागलेली मिनिटं लिहायची. अंदाज नको, घड्याळ लावूनच.

महिन्याअखेर जे दिसलं त्याने मी चकित झाले. तिन्ही साप मिळून आठवड्याला जेमतेम दीड तास घेत होते: रोज पाणी आणि तापमान पाहणं, घाण दिसली की काढणं, ठरल्या दिवशी गोठवलेला उंदीर वितळवून कोमट करून देणं, त्यानंतर ४८ तास हात न लावणं. एकटा ड्रॅगन आठवड्याला चार तासांपुढे जात होता. रोज पालेभाजी निवडून बारीक चिरायची, किड्यांना कॅल्शियम लावायचं, विष्ठा लगेच उचलायची, यूव्हीबी ट्यूबची तारीख पाहायची. ती ट्यूब दिसायला उजेड देत राहते, पण तिची यूव्हीबी हळूहळू उतरत जाते. प्रकारानुसार सहा महिन्यांनी किंवा वर्षाने ती बदलली नाही, तर पुढे हाडं मऊ पडण्याचा धोका असतो. आणि रातकिडे! त्यांना मी कधी मोजलंच नव्हतं. त्यांचं खाणं, त्यांचा डबा, मेलेले वेचणं. गेकोच्या पोटात जाण्याआधी एक दिवस त्यांना चांगलं खाऊ घालायचं, नाहीतर गेकोला नुसतं टरफल मिळतं. आठवड्याला तासभर किड्यांचाच.

म्हणजे "किती प्राणी" हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. माझ्या घरात एक ड्रॅगन म्हणजे निदान आठ साप.

दुसरा हिशेब वाईट दिवसांचा. मागच्या वर्षाची डायरी काढली. दोन आठवडे मी तापाने पडून होते. पुढे आईच्या ऑपरेशनच्या वेळी जवळजवळ महिनाभर दवाखाना आणि घर चाललं होतं. हीट मॅट बहुधा त्याच महिन्यात गेला. त्या दिवसांत माझ्या हाती रोज अर्धा तास असायचा, जास्त नाही. मग जे काही पाळायचं ते त्या अर्ध्या तासात बसलं पाहिजे. निवांत रविवारच्या भरवशावर हिशेब मांडणं बरोबर नव्हतं.

तिसरा हिशेब सगळ्यात अवघड गेला. मी ४१ वर्षांची. गेको आणि कॉर्न स्नेक १५-२० वर्षं जगतात, बॉल पायथन सहज २०-३०. माझा पायथन तीन वर्षांचा होता, म्हणजे तो तिशीत येईल तेव्हा मी ६८ची असेन. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना आखला: मला जमेनासं झालं तर कोण? भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, ड्रॅगन आणि पाली मी बघेन. वेळ आली तर एक सापही, पण लहानसा, आणि मला आधी शिकव. तीन साप नाही झेपणार माझ्याच्याने." तो खरं बोलला याचं मला बरंच वाटलं. दोन रकाने रिकामे राहिले.

आता पेच पडला. वेळ पाहिला तर जायला हवा होता ड्रॅगन, रकाने पाहिले तर साप. ड्रॅगन नऊ वर्षांचा आहे. त्यांचं आयुष्य १०-१५ वर्षांचं, त्यामुळे या वयात त्याचं घर बदलायला माझं मन धजलं नाही. तो राहिला. त्याच्या बदल्यात दोन गोष्टी ठरवल्या: भावाने दर रविवारी येऊन त्याचं सगळं करायला शिकायचं आणि याच्यानंतर दुसरा ड्रॅगन नाही. पायथन आणि थोरला कॉर्न स्नेक यांना घर शोधायचं.

घर शोधायला चार महिने लागले. "साप हवाच होता" म्हणणारे बरेच भेटले. मी प्रत्येकाला विचारायचे, थर्मोस्टॅट (तापमान ठरल्यावर राखणारं उपकरण) कुठला वापरता, जवळ साप तपासणारा डॉक्टर कोण, टँक आधी दाखवाल का? बहुतेक जण तिसऱ्या प्रश्नाला थांबले. शेवटी एक अनुभवी जोडपं मिळालं. कायद्याची कागदपत्रं पुरी केली, खाण्याच्या आणि वजनाच्या नोंदींची प्रत दिली, ओळखीचा वास राहावा म्हणून दोघांच्या लपायच्या जागाही दिल्या. कॉर्न स्नेक पहिल्याच आठवड्यात जेवला. पायथनने सहा आठवडे तोंड लावलं नाही. जागा बदलली की बॉल पायथन असं करतात हे मला माहीत होतं, तरी मी रोज वजन विचारत होते. ते फारसं उतरलं नाही, आणि सातव्या आठवड्यात निरोप आला, "खाल्लं."

रिकाम्या झालेल्या टँकपैकी एक मी दिला, एक मुद्दाम ठेवला. कोणी आजारी पडलं तर वेगळं ठेवायला जागा लागते, ती माझ्याकडे इतकी वर्षं नव्हती. गेकोला मी आजारपणात प्लास्टिकच्या खोक्यात ठेवलं होतं. आता त्या टँकमध्ये पेपर टॉवेल, पाण्याची वाटी, लपायला एक खोकं आणि चालू थर्मोस्टॅट आहे. येणारे विचारतात, इथे काय आणणार? मी सांगते, हा भरायचा नाही.

चार जणांचं वजन आता रविवारी भाऊ आला की होतं. तो काट्यावर ठेवतो, मी लिहिते. त्यानंतर दोघं कोपरापर्यंत हात साबणाने धुतो. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू निरोगी दिसणाऱ्या प्राण्याकडूनही येऊ शकतो आणि घरात आई आहे. गेकोला जवळजवळ जुन्या वजनावर यायला पाच महिने लागले. परवा ती ६७ भरली. भावाने आकडा दोनदा वाचून दाखवला आणि मग विचारलं, "हिची कात कधी पडली होती गं?" तारीख वहीत होती.