काढून टाका

सुक्या सुंगटांची किसमूर, सोलकढी आणि बाहेर धो धो पाऊस, एवढं जुळून आल्यावर रविवारी दुपारी जो जागा राहील तो गोंयकार नव्हे. मीही आडवी झालेच होते. तेवढ्यात उशीशी फोन थरथरला. "स्टोरेज भरले आहे. तुम्हाला ईमेल पाठवता किंवा मिळवता येणार नाहीत."

कुठलं खातं भरलं ते खाली बारीक अक्षरात लिहिलं असणार, पण चष्मा टीव्हीवर राहिला होता. गूगलकडून फुकटात मिळतात ते १५ जीबी. पत्रं त्यातच, फोटो त्यातच, आणि २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा त्यातच मोजतात. म्हणजे माझी जागा नातेवाइकांच्या सुप्रभातांनी आणि गुलाबांनी खाल्ली होती.

भाचा सोप्यावर लोळत होता. फर्मागुडीच्या कॉलेजात शिकतो, रविवारी जेवायला माझ्याकडे येतो. त्याच्या हातात फोन दिला. त्याने दोनदा अंगठा फिरवला आणि ओरडला, "मावशे, सात? सात ईमेलं? तू काय धंदाबिंदा करतेस काय?"

त्याला दुसरा राग माझ्या फोनच्या भाषेचा. मी फोन मराठीत ठेवते. जन्मभर मराठी शिकवलं, आता फोनपुढे कशाला नमायचं? पण त्याला 'सेटिंग्ज'च्या पुढे 'पासवर्ड आणि खाती' सापडायला मिनिट लागलं, आणि ते मिनिट तो कोकणीत जे पुटपुटला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सात खाती ओळीने उभी होती. प्रत्येकापुढे एक रंगीत गोल, आत एक अक्षर. वरचं माझं. दुसरंही माझंच, पहिल्याचा पासवर्ड विसरले होते तेव्हा उघडलेलं, आणि मग पहिल्याचा आठवला. एक शाळेचं. शाळेच्या कंप्युटरवर तर याहून गंमत आहे. तिथे लॉगिनच्या पानावर बदलून गेलेल्या तीन बाई आणि निवृत्त झालेले एक सर अजून गोलांतून बसलेले असतात, पुढे लिहिलेलं, 'साइन आउट केले आहे'. मी रोज त्यांच्या खालून माझं नाव शोधते. काढायला हवेत, उणेचं लाल चिन्ह दाबायचं की झालं. पण सरांनी मला फळ्यावर सरळ ओळीत लिहायला शिकवलं होतं, उणे कसं करणार?

चौथं बदलीच्या अर्जापुरतं काढलेलं. पाचवं देवस्थानाचं. नवरा एक कमिटीभर चिटणीस होता. दर ३ वर्षांनी निवडणूक होते, कमिटी बदलते, कपाटाच्या चाव्या आणि पावतीपुस्तकं नव्या माणसांच्या हवाली होतात. हवाली करायच्या यादीत ईमेल लिहायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून ते आमच्याच घरात राहिलं. मुंबई-बंगळूरचे कुळावी, म्हणजे ज्यांचं ते कुलदैवत ते, अजून माझ्या फोनवर अभिषेकाची तारीख विचारतात. मी ती पुढे पाठवते. एकदा एकाने प्रसाद पोचला नाही म्हणून मलाच झापलं. देवाच्या नावाने ऐकून घेतलं.

सहावं कुणाचं ते मलाही ठाऊक नव्हतं. सातवं बाबांचं.

भाच्याने बदलीच्या अर्जावालं उघडलं. खाली शब्द आले, 'खाते काढून टाका'.

आणि माझी झोप उडाली. कारण खातं काढणं म्हणजे खातं उघडणं. पोस्टात खातं काढतात, बँकेत खातं काढतात. बंद करायचं ते मोडायचं. इथे काढायचं आणि टाकायचंही. 'टाका' हे एवढंसं शेपूट लागलं की आख्खं क्रियापद पाठमोरं होतं. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मावशे, फोन इंग्लिशमध्ये कर."

पण मला हा घोळ लहानपणापासून छळतो. १९८४ साली माझे आजोबा वारले. बाबा रेशनकार्डावरून त्यांचं नाव कमी करायला मामलेदाराच्या कचेरीत गेले आणि संध्याकाळी येऊन आजीला म्हणाले, "नाव काढलं." आजी काही बोलली नाही, तांदूळ निवडत राहिली. मी चौथीत होते. कार्ड बघितलं, आजोबांच्या नावावरून लाल शाईची रेघ गेली होती, आणि पुढच्या महिन्यात घरात साखर कमी आली. तेवढंच मला कळलं, नाव काढलं की साखर कमी होते. महिन्याभराने स्कॉलरशिपचा निकाल लागला. बाबा दारातूनच ओरडत आले, "काढलंस हो, नाव काढलंस!" मी धावत गेले ती कपाटाकडे. कार्ड काढून बघितलं. माझ्या नावावर रेघ नव्हती. तरी पुढचे चार दिवस चहात साखर कमी घातली, कुणी म्हणायला नको.

मोडणं मात्र मला स्वच्छ कळायचं. घराखाली पसरो होता, म्हणजे किराणा दुकान, तिथे आमचं खातं. तेलकट चोपडी, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल, दोरा इतका आखूड की पसरकार लिहिताना चोपडीच पेन्सिलीकडे सरकवायचा. एकदा खोबरेलावरून आजीचं बिनसलं आणि तिने मला पैसे देऊन पाठवलं, "खातं मोडून ये." पसरकाराने नाणी मोजली, आमच्या पानावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी रेघ ओढली आणि मधोमध लिहिलं, 'चुकते'. पान फाडलं नाही. वर्षभराने आजीचा राग गेला तेव्हा त्याने तेच पान उघडलं आणि रेघेच्या खालच्या मोकळ्या तिकोनात नव्याने 'साखर १ किलो' लिहिलं.

असो. बदलीचं खातं गेलं. मग माझं दुसरं. शाळेचं मी ठेवलं. सहाव्याची चौकशी करता कळलं की ते मोबाइलच्या दुकानातल्या पोराचं कर्तृत्व. नवा फोन घेतला तेव्हा त्याने "मॅडम, ईमेल आयडी?" विचारलं, मी पर्समध्ये कागद शोधेपर्यंत त्याने दोन मिनिटांत नवीनच बनवून टाकलं होतं, माझ्या नावापुढे चार आकडे. ते बहुधा त्याच्या बाइकचे. असं खातं गोव्यातल्या प्रत्येक मावशीच्या फोनात एक तरी सापडेल. पासवर्ड त्या पोरालाच ठाऊक, आणि तो आता क्रूझवर नोकरीला.

"हे तर काढच," मी म्हटलं. फोनने इशारा दिला, या खात्याचे मेसेज, संपर्क आणि इतर माहिती फोनवरून जाईल. भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जाऊ दे.

गेली. पाच मिनिटांनी पाडेल्याला फोन लावायला गेले, कारण दोन माडांवरचे नारळ पावसाआधी पाडायचे राहिले होते, तर पाडेली नाही. पाववाला पोदेर नाही. गॅसवाला नाही, भटजी नाहीत, आत्याच्या सुनेची आई नाही. नव्या फोनवर सगळ्यात आधी घातलेलं खातं तेच होतं, म्हणून इतकी वर्षं प्रत्येक नवा नंबर मुकाट्याने त्याच्यातच जाऊन बसत होता. आणि पाडेल्याचा नंबर म्हणजे काय चीज आहे ते ज्याच्या दारात माड आहेत त्यालाच विचारा. सोन्याची पाटली हरवली तर दुसरी करता येते.

माझा चेहरा बघून भाचा हसायला लागला. "मावशे, फोनवरून गेलंय, खातं कुठे गेलंय? ते तिकडे आहेच." मग त्याने तेच खातं पुन्हा घातलं. पासवर्ड नव्हता, पण त्या पोराने नंबर माझा दिला होता, त्यावर कोड आला. थोड्या वेळाने एकेक नाव परतू लागलं, आधी आत्याच्या सुनेची आई, मग भटजी, सगळ्यात शेवटी पाडेली. आता ते खातं राहणार. खातं काढलं, पण माझ्या अर्थाने.

उरलं सातवं.

बाबांना एक टॅब घेतला होता, मस्कतच्या भावाशी बोलायला. ईमेल मीच बनवलं. पासवर्ड काय ठेवू विचारलं तर क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "एकोणीस बारा एकोणीसशे एकसष्ट." त्यांच्या पिढीतल्या निम्म्या गोव्याचं कुलूप याच तारखेने उघडत असेल. बाबा पत्रं कमीच लिहायचे. आलेल्या प्रत्येक जाहिरातीला मात्र नम्रपणे उत्तर द्यायचे, "आपले पत्र मिळाले. तूर्त गरज नाही. कळावे."

२०१९ मध्ये ते गेले. टॅब कपाटात पडून होता, तो आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या मुलीला अभ्यासाला दिला. देण्यापूर्वी मी स्वतः बटणं दाबून साफ केला, नवाकोरा. मला वाटलं, केवढी मी हुशार. दुसऱ्या दिवशी मुलगी दारात. टॅब छातीशी धरलेला. "बाई, हे म्हणतं, आधी यावर जे खातं होतं त्यांनी आत यावं."

कारण साधंच आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन आधी खातं काढायचं असतं, मग साफ करायचं. उलट केलं की यंत्राला वाटतं चोराच्या हाती पडलो, आणि ते जुन्या मालकाला हाक मारत बसतं. चोरीच्या फोनांसाठी केलेली सोय आहे, चांगलीच आहे. पण मी त्या पडवीत उभी, हातात टॅब, आणि तो बाबांना बोलावतोय. चष्मा नव्हता म्हणून मुलीलाच म्हटलं, तूच घाल, एकोणीस बारा एकोणीसशे एकसष्ट. तिने घातलं. उघडला. ती म्हणाली, "लिबरेशन डे!" आणि निघून गेली. टॅबवरून खातं तेव्हा काढलं. माझ्या फोनवर राहिलं.

भाच्याचा अंगठा 'खाते काढून टाका'वर टेकला होता. दाबला नाही त्याने, विचारलं. "आजोबांचं?"

मी म्हटलं, यात काय काय येतं बघ आधी. चष्म्याच्या दुकानाच्या सवलती. एका विमा कंपनीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, दर वर्षी, 'आपणांस दीर्घायुष्य लाभो'. तो स्क्रोल करत राहिला. म्हणाला, "तू उघडत नाहीस ना हे? मग तसंही जाईल. दोन वर्षं कुणी शिवलं नाही तर कंपनीच मोडते. २०२३च्या डिसेंबरपासून मोडायला लागलेत." म्हणजे कसेल त्याची जमीन तसं उघडेल त्याचं खातं. "मी उघडते," मी म्हटलं. "अधूनमधून. बिलासाठी."

"कसलं बिल?"

विजेचं. वीज या घरात आजोबांनी आणली, मीटर त्यांच्या नावावर. रेशनकार्डावरून १९८४ सालीच रेघ मारली, पण मीटरवरून नाव काढायचं कुणी मनावर घेतलं नाही. घर वाटणीचं. नाव बदलायचं म्हणजे इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीसाठी मालमत्तेची यादी, करायची, कोर्टात जायचं, वकील गाठायचा, सगळ्या भावंडांच्या आणि त्यांच्या बायका-नवऱ्यांच्या सह्या जमवायच्या. त्यात एक मस्कतला आणि एक बोलत नाही. पोर्तुगीज गेले, त्यांच्या वारसा कायद्याचा साचा राहिला, आणि त्याच्या पुण्याईने गोव्यातल्या कितीतरी मेलेल्या माणसांच्या घरी अजून दिवे लागतात. बाबांनी ऑनलाइन बिल भरायला सुरुवात केली तेव्हा आपलं ईमेल घातलं होतं. मी ते बदललं नाही.

भाच्याने फोन परत दिला. "मग स्टोरेजचं काय?" मी म्हटलं, गुलाब पुस.

त्याने दोनेकशे गुलाब पुसले आणि सोप्यावरच झोपला. पाऊस जरा ओसरला होता. मी पाडेल्याला फोन लावला, तो म्हणाला, "पाऊस गेल्यावर बघू, बाय," म्हणजे गणपतीनंतर. चष्मा आणला आणि हातासरशी बिलही भरून टाकलं. आजोबांच्या नावाचं बिल, पैसे माझे. मिनिटभरात फोन थरथरला. पावती बाबांना आली.