भीती कोणती आणि दुखणे कोणते

हृदयविकाराच्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णांना मी योगाभ्यास शिकवते. एका रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात हा वर्ग भरतो. नेहमीच्या योगवर्गाची कल्पना मनात धरून कोणी तिथे डोकावले तर त्याची निराशाच होईल, कारण तिथे शीर्षासन नाही, सूर्यनमस्कारांची चढाओढ नाही, आणि बराचसा अभ्यास खुर्चीत बसून किंवा भिंतीच्या आधाराने चालतो. श्वास रोखून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि त्यापाठोपाठ रक्तदाबही वरखाली होतो, म्हणून कुंभक पूर्णपणे वर्ज्य. डोके हृदयापेक्षा खाली जाईल अशी आसनेही वर्ज्य. शवासनातसुद्धा पाठीखाली उशी देऊन छाती आणि डोके थोडे उंच ठेवलेले असते. "मॅडम, एवढ्याने काय होणार?" असे नव्या रुग्णांचे नातेवाईक हमखास विचारतात. पतंजलींनी आसनांसाठी फक्त तीन सूत्रे खर्च केली आहेत, एवढे त्यांना सांगून मी कामाला लागते.

पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ या वर्गात आले तेव्हा त्यांच्या पिशवीत औषधांच्या डब्याबरोबर एक ऑक्सिमीटर आणि एक आखीव वही होती. व्यवसायाने ते हिशेबतपासनीस. वहीत वेळ, नाडी, प्राणवायूची पातळी आणि शेरा असे चार रकाने आखलेले होते, आणि जागेपणीचा जवळजवळ प्रत्येक तास त्यात नोंदलेला होता. झटका आला तेव्हा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एका रोहिणीत ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवला होता, हृदयाची कार्यक्षमता समाधानकारक होती आणि डॉक्टरांनी कामावर जाण्यास परवानगीही दिली होती. तरीही ते घराबाहेर पडत नव्हते. आंघोळीला जाताना दाराला कडी लावत नसत, डाव्या कुशीवर झोपत नसत, जिना दिसला की थांबत. छातीत काहीतरी होते आहे म्हणून अनेकदा त्यांना रात्री आपत्कालीन विभागात आणावे लागले होते, आणि प्रत्येक वेळी ईसीजी आणि रक्ततपासणी व्यवस्थित निघाली होती. नाडीचा आकडा वाढला की त्यांना झटक्याची भीती वाटे. तो कमी दिसला की हृदय थांबत चालले आहे असे वाटे. वास्तविक त्यांना दिलेल्या बीटा ब्लॉकर गोळीचे कामच नाडीचा वेग कमी ठेवण्याचे होते. हे त्यांना समजावून सांगितलेले होते आणि त्यांना ते समजलेही होते. पण कळणे आणि धीर येणे यांत बरेच अंतर असते.

पहिल्या शवासनात बाकीचे रुग्ण डोळे मिटून पडले होते आणि हे मात्र मान किंचित उचलून बोटावरच्या यंत्राचे लाल आकडे वाचत होते. मी यंत्र काढायला सांगितले नाही. योग आणि मोजमाप यांचे वैर आहे असे मला वाटत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना केली ती योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी करण्याच्या ध्यासातूनच. म्हणून मी त्यांना यंत्र राहू द्या म्हटले, एक हात पोटावर ठेवायला सांगितला, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ देत काही मिनिटांनी आकडा पुन्हा पाहायला सांगितले. पहिला आकडा ७८ होता, दुसरा ७० च्या आसपास. त्यांनी यंत्राकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि विचारले, "हे मी केलं?"

यात चमत्कार काही नाही. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना किंचित उतरते, कारण सोडताना व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम अधिक घट्ट होतो. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात असे दिसले होते की, जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि योगमंत्र म्हणताना, दोन्ही वेळा लोकांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि रक्तदाब सावरणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा त्या लयीत अधिक तरतरीत होते. हिशेबतपासनिसाला मात्र माझ्या व्याख्यानापेक्षा स्वतःच्या बोटावरचे दोन आकडे अधिक पटले. आपल्या शरीरात आपण काही करू शकतो, ही गोष्ट झटक्यानंतर त्यांना बहुधा प्रथमच अनुभवाला आली असावी.

त्यानंतरचा अभ्यास, खरे सांगायचे तर, कंटाळवाणा होता. खुर्चीत बसून हात वर नेणे आणि खाली आणणे, भिंतीला टेकून ताडासन, श्वास न रोखता अनुलोम-विलोम, भ्रामरी, शवासन. घरी सकाळी आणि संध्याकाळी तेच. प्रत्येक हालचालीनंतर मी सर्वांना विचारते की काय जाणवले, कुठे जाणवले, टोचले की ओढले की दाबले गेले, श्वासाबरोबर ते बदलले का, खांदा सैल सोडल्यावर काय झाले. सुरुवातीला या गृहस्थांचे उत्तर ठरलेले असे: "काहीतरी होतंय." हळूहळू उत्तरे बदलू लागली आणि त्याबरोबर वहीसुद्धा. आकड्यांचे रकाने विरळ होत गेले आणि शेऱ्याचा रकाना भरू लागला. 'डाव्या बरगडीखाली टोचले, लांब श्वास सोडल्यावर गेले.' 'छाती धडधडली, कार्यालयातून फोन आला होता.' 'जिन्यावर दम लागला, थांबल्यावर लगेच सावरलो.' योगाने माणसाचे आयुष्य बदलते असे म्हणतात तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर लवचीक शरीर किंवा तेजस्वी चेहरा येतो. मला त्या रकान्यातला बदल अधिक मोलाचा वाटत होता. पुढे ते कामावर रुजू झाले, डाव्या कुशीवर झोपू लागले, आणि आंघोळीच्या दाराला कडी लागू लागल्याचे त्यांच्या पत्नीने मला आवर्जून सांगितले.

आणि मग तो दिवस आला. वर्गात खुर्चीवरचा ऊर्ध्वहस्तासनाचा सराव चालू होता. सगळ्यांचे हात वर असताना त्यांनी आपले हात शांतपणे खाली आणले, मांड्यांवर ठेवले आणि एक तळवा वर करून मला खूण केली. मी जवळ गेले तेव्हा त्यांच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब होते, पण आवाज स्थिर होता.

"मॅडम, हे नेहमीचं नाही. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं होतंय आणि जबड्यात जातंय. श्वास लांब सोडून पाहिला, काही फरक नाही. काल चालतानाही झालं होतं, थांबल्यावर गेलं. आज बसूनही जात नाही."

आमच्या वर्गाचा नियम असा आहे की, छातीत काहीही वाटले तर ताबडतोब सांगायचे आणि त्याचा अर्थ लावायचा नाही; तो रुग्णाने लावायचा नाही आणि मीही लावायचा नाही. वर्ग सहकाऱ्यावर सोपवून मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून आपत्कालीन विभागात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांसमोरच्या पडद्यावर याआधीच्या सगळ्या निष्फळ भेटींची यादी होती, आणि ती वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेला भाव माझ्या नजरेतून सुटला नाही. त्यात दोष देण्यासारखे काही नव्हते. यादी तशी होतीच. पण गृहस्थांनी मला सांगितलेली वाक्ये त्याच क्रमाने, एकही शब्द न वाढवता, त्यांना सांगितली आणि डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्या जवळ बसले. ईसीजीत बदल होते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन वाढलेले निघाले. अँजिओग्राफीत पूर्वीचा स्टेंट मोकळा दिसला, पण दुसरी एक रोहिणी बरीच अरुंद झाली होती, आणि त्याच दिवशी तिथे दुसरा स्टेंट बसवण्यात आला. हृदयाच्या स्नायूचे फारसे नुकसान झालेले नव्हते.

या प्रसंगाचा अर्थ लावताना मी सावध राहते. त्यांनी सातत्याने अभ्यास केला आणि तरीही रोहिणी अरुंद झाली, ही वस्तुस्थिती योगाच्या प्रचारकांना आवडणारी नाही. पण ती लपवण्यात अर्थ नाही. झटक्यानंतर योगाधारित पुनर्वसनाचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी भारतातल्या २४ केंद्रांत ३,९५९ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पुन्हा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांच्या प्रमाणात योगगटात निश्चित म्हणावी अशी घट तीत सिद्ध झाली नाही. मात्र योग करणाऱ्यांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटत होती आणि झटक्यापूर्वीच्या दैनंदिन व्यवहारांकडे ते अधिक प्रमाणात परतले होते. माझ्या वर्गात मला नेमके हेच दिसत आले आहे. धमन्यांतला मेद काढण्याचे काम मी योगावर कधी सोपवत नाही; त्यासाठी गोळ्या आहेत, पथ्य आहे, तंबाखू सोडणे आहे.

याआधी ते अनेकदा रात्री रुग्णालयात आले ते चुकले होते, असेही मला म्हणायचे नाही. छातीत दुखत असेल तर शंभर वेळा यावे. श्वासाने कमी होते की नाही हे घरी बसून पाहत राहणे धोक्याचे आहे, आणि हे मी प्रत्येक वर्गात बजावून सांगते. फरक पडला तो दुसऱ्याच ठिकाणी. त्यांच्या पत्नीने सांगितले की आधीच्या प्रत्येक खेपेला त्यांना वाटेत बोलताच येत नसे, हात थरथरत, आणि डॉक्टरांच्या प्रश्नांना पत्नीलाच उत्तरे द्यावी लागत. या खेपेला भीती नव्हती असे नाही. अँजिओग्राफीला नेताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता आणि तो थंडगार होता. पण भीती एका बाजूला आणि छातीतले दुखणे दुसऱ्या बाजूला असे दोन्ही त्यांना वेगवेगळे दिसत होते, आणि त्यांपैकी कोणते डॉक्टरांना सांगायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

बरे होऊन ते वर्गात परतले आणि पुन्हा खुर्चीवरच्या पहिल्या सरावापासून सुरुवात केली. २१ जूनच्या योगदिनानिमित्त एका संस्थेने अनुभव सांगण्यासाठी त्यांच्याकडे मागणी केली आणि सोयीसाठी मजकूरही लिहून पाठवला. 'योगाने हृदयविकारावर मात' असा त्याचा मथळा होता. गृहस्थांनी तो हिशेबाच्या वहीसारखा तपासला. मथळा खोडला, 'औषधांची गरज उरली नाही' हे वाक्य खोडून आपल्या सर्व गोळ्यांची नावे लिहिली, दुसऱ्या स्टेंटची तारीख घातली, आणि खाली लिहिले की आता आपल्याला रात्रीची झोप लागते आणि छातीत काय होते आहे ते सांगता येते. संस्थेने तो मजकूर छापला नाही. त्यांच्या परवानगीने आम्ही तो विभागाच्या फलकावर लावला आहे, आणि त्याखाली, त्यांच्याच आग्रहावरून, आपत्कालीन विभागाचा दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहिला आहे.