बालाघाटाचा फेरा: बीड–अंबाजोगाई–परळी–बीड, सायकलवर एका दिवसात

बीडहून निघून बीडलाच परतायचं, तर सगळ्यात आधी दिशा ठरवा. घाट सकाळी पायांत जोर असताना चढायचा की दुपारी उन्हात, एवढाच प्रश्न आहे. बाकीचं सामान, खाणं, वेळ हे सगळं त्या उत्तरामागून येतं.

आम्ही तिघं दिवाळीनंतरच्या थंडीत गेलो. रस्ता असा: बीड, मांजरसुंबा, नेकनूर, केज, अंबाजोगाई, परळी, सिरसाळा, तेलगाव, वडवणी, बीड. अंतर 200 किलोमीटरच्या आसपास. गावात किती फिराल त्यावर थोडं वर-खाली. या दिशेनं मांजरसुंब्याचा मोठा चढ पहिल्या तासा-दीड तासात संपतो आणि अंबाजोगाईहून परळीकडे उतार मिळतो. उलटं गेलात तर सकाळ सपाटीवर खर्च होते आणि परळीचा घाट नेमका डोक्यावर ऊन असताना समोर येतो. शिवाय शेवटी मांजरसुंब्याचा उतार संधिप्रकाशात, धुळे-सोलापूर महामार्गाच्या ट्रकांसोबत. नको रे बाबा.

वाऱ्याचाही हिशोब यातच बसतो. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पूर्वेकडून असतो. म्हणजे केज-अंबाजोगाईपर्यंत तो तोंडावर येतो, पण सकाळी पाय ताजे असतात. परळीहून पश्चिमेला वळलात की तोच पाठीला लागतो. पावसाळ्यात वारं पश्चिमेचं, तेव्हा हाच फेरा या दिशेनं केला तर शेवटचे 80-90 किलोमीटर जीव काढतील. मार्चनंतर मात्र कुठल्याच दिशेनं विचार करू नका.

बीड सोडलं की पालीजवळ बिंदुसरेचं धरण लागतं आणि तिथून डोंगर अंगावर यायला लागतो. मांजरसुंब्याचा घाट सह्याद्रीतल्या घाटांसारखा उभा नाही. लहान गिअर टाकून, बोलत बोलत चढता येतो. त्रास असतो तो अवजड वाहनांचा. म्हणून अंधारात घाटात शिरू नका. पायथ्याशी पोचाल तेव्हा फटफटलं असेल असं निघा. वर चौकात चहा मिळतो. कपिलधारचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी इथून जवळच आहे, पण ती वाट खाली उतरते आणि उतरलेलं पुन्हा चढावं लागतं. ते वेगळ्या दिवशी.

लोक मला घाटाबद्दल विचारतात. खरं दमवतो तो मांजरसुंबा ते अंबाजोगाई हा पट्टा. नकाशावर पठार दिसतं, म्हणून आता सपाट असं वाटतं. पण बालाघाटाची ही रांग गोदावरी आणि मांजरा या दोन खोऱ्यांमधली. दक्षिणेला मांजरेकडे जाणारे ओढे-नाले एकामागून एक रस्त्याला आडवे येतात. प्रत्येक नाल्यापाशी उतार, पुलानंतर चढ. नेकनूर-येळंबघाटाच्या पट्ट्यात हे चालू होतं आणि थांबतच नाही. एकही चढ नाव घेण्यासारखा नाही, पण बेरीज मांजरसुंब्यापेक्षा जास्त होते. इथे उतारावर जोर लावून पुढचा चढ मारायचा मोह होतो. पहिल्या दहा वेळा जमतं, नंतर मांड्या भरून येतात. उतारावर पाय मोकळे फिरवा, चढावर एकच लय धरा. पुढे 34 दात्यांची आणि मागे निदान 32 दात्यांची चकती असेल तर बरं.

या भागात सिमेंटचा रस्ता आहे. गुळगुळीत दिसतो, पण सांधे ठकठक करत हाताला लागतात आणि लांबीत गेलेल्या भेगेत बारीक टायर अडकू शकतो. आमच्यातल्या दोघांचे टायर 28 मिमीचे होते, माझे 32 चे. दिवस संपताना कोणाचे मनगट दुखत होते ते सांगायला नको. साइडपट्टीवर उतरायचं टाळा, तिथे सराटे आणि बाभळीचे काटे असतात. दोन ट्यूब आणि पंपाशिवाय निघू नये. काटा निघाला तरी टायर आतून बोटानं चाचपूनच नवी ट्यूब घाला, दुसरा काटा हमखास असतो.

केजला सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि चहा झाला. टपरीवरच्या एका आजोबांनी सायकली निरखल्या, आमच्या घट्ट चड्ड्या निरखल्या आणि विचारलं, "एसटी बंद हाय का?" आम्ही अंबाजोगाई-परळी करून बीडला जाणार म्हटल्यावर म्हणाले, "मग बीडातच बसायचं की." याला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं.

केज हा निर्णयाचा नाका आहे. इथेच पाय कुरकुर करत असतील तर डावीकडे धारूरला वळा. तिथून तेलगाव आणि वडवणीमार्गे बीड. फेरा बराच लहान होतो आणि धारूरचा किल्लाही दिसतो. फक्त धारूरहून तेलगावकडे उतरणारा घाट अरुंद आणि वळणांचा आहे. वेग आवरून, ब्रेक आलटून पालटून दाबत उतरा.

सरळ गेलात तर वाटेत आधी चंदनसावरगाव लागतं, मग अंबाजोगाईच्या अलीकडे लोखंडी सावरगाव. रस्ता विचारताना नुसतं "सावरगाव" म्हणू नका. लोखंडी सावरगावपाशी वाहनं अचानक वाढतात. अंबाजोगाईत पोटभर जेवा. योगेश्वरीचं दर्शन वाटेवर होतं. मुकुंदराजांची समाधी मात्र दरीत आहे, तिथे जाऊन येण्याइतकी ताकद राखली असेल तरच जा. आम्ही भाकरी-पिठलं खाल्लं आणि सोबतचे धपाटे पुढच्यासाठी ठेवले. धपाटे खिशात चुरतात, पण बिघडत नाहीत, आणि तिखटामिठाचं तोंडाला बरं वाटतं. गोड एनर्जी जेल-बिल दुपारनंतर घशाखाली उतरत नाही.

परळीचा उतार मजेचा आहे, पण खाली पोचता पोचता औष्णिक वीज केंद्राची राख नेणारी वाहनं भेटतात. चष्मा लावा, नाकावर रुमाल बांधा. वैजनाथाच्या देवळाभोवती गर्दी असते, सायकलपाशी एकानं थांबावं. बाटल्या इथेच भरून घ्या.

परळीनंतर डोंगर बाजूला राहतो. सिरसाळा, तेलगाव हा भाग सपाट आणि काळ्या मातीचा, आणि इथेच गळिताच्या हंगामात ऊस आडवा येतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यातून दोन्ही बाजूंना लोंबणारे ऊस. मागे दिवा नसलेली ट्रॉली तर नेहमीचीच. दुसरी ट्रॉली सरळ रेषेत येत नाही, डुलते. म्हणून तिच्या बाजूनं निघताना हातभर नव्हे, चांगलं गाडीभर अंतर ठेवा. बैलगाड्यांना घंटी वाजवू नका, नुसती हाक द्या. दुपारी अशाच एका गाडीवरच्या बाईनं चालत्या गाडीतून उसाचं कांडं पुढे केलं. आम्ही कडेला थांबून खाल्लं, पुढचे 20 किलोमीटर त्याच्यावर गेले.

वडवणीनंतर डोंगर पुन्हा जवळ येतो आणि घाटसावळीकडे चढ-उतार सुरू होतात. तोवर सूर्य समोर आलेला असतो. लक्षात घ्या, तो तुमच्या मागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांत असतो, त्याला तुम्ही दिसतच नाही. मागचा दिवा उजेड असतानाच लावा, चमकणारं जाकीट घाला, आणि सूर्य टेकला असेल तर अर्धा तास चहाला थांबून अंधार पडू द्या. अंधारात दिवा तरी दिसतो.

वेळेचं माप हवं असेल तर ब्रेव्हेचं (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) घ्या: 200 किलोमीटरला साडेतेरा तास. एवढ्यात थांबे धरून फेरा आरामात बसतो, पण परळी दुपारी दोनच्या आत सुटली पाहिजे. नाही सुटली तर परळीतच मुक्काम करा, किंवा एखादा रिकामा पिकअप गाठून सायकली चढवा. तेलगावच्या पुढे रात्री अडकलात तर गाडी मिळणं कठीण.

ज्यांना मोठा दोन दिवसांचा बेत करायचाय, त्यांनी आदल्या दिवशी मांजरसुंब्याहून पाटोद्याला जावं. वाटेत नायगावचं मयूर अभयारण्य, पुढे सौताड्याचा धबधबा. पाणी बघायचं तर पावसाळा सरता सरता जा. तेव्हा ऊसही रस्त्यावर आलेला नसतो आणि बालाघाटातली सीताफळं पाटीनं विकायला बसलेली असतात.