पाच पायऱ्या आणि एक लेथ

मी ज्या अनुदानित तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीची पदविका केली, तिथे मुख्य इमारतीत शिरताच समोरच्या भिंतीवर संस्थेचे ध्येय पितळी अक्षरांत वाचायला मिळते. समाजातील सर्व घटकांपर्यंत तंत्रशिक्षण पोहोचवणे, असा त्याचा आशय आहे. मानांकनासाठी समिती येणार म्हटले की ध्येय आणि दृष्टी यांच्या पाट्या दर्शनी भागात लागतात, हे मला पुढे कळले. ही पाटी वाचण्यासाठी मात्र कठडा नसलेल्या पाच पायऱ्या चढाव्या लागत.

आठवीत असताना झालेल्या अपघातापासून माझ्या उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधार देणारी धातूची पट्ट्यांची चौकट, आहे आणि लांब चालायचे असेल तर कुबडी लागते. माझे दिव्यांगत्व ५० टक्के आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. जिल्हा रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचे पिवळ्या पट्टीचे वैश्विक ओळखपत्र जवळ असल्याने प्रवेश विनासायास झाला. रॅगिंगविरोधी हमीपत्रावर मी आणि बाबांनी सह्या केल्या. कार्यालयातील लिपिकाने आपुलकीने विचारले, "परीक्षेला लेखनिक लागेल ना?" माझे दोन्ही हात ठणठणीत आहेत, हे त्यांना समजावून सांगावे लागले.

खरी अडचण कार्यशाळेच्या दाराशी सुरू झाली. पहिल्याच प्रात्यक्षिकाला कार्यशाळा अधीक्षकांनी माझ्या पायाकडे पाहिले आणि मी बाजूला बसून केवळ निरीक्षण करावे, जर्नलवर सह्या मिळतील, असे सांगितले. कारण एकच होते : सुरक्षितता. त्यांचा स्वर कठोर नव्हता, उलट काळजीचाच होता, आणि त्यामुळेच उत्तर देणे अधिक अवघड गेले. तीन आठवडे मी बाकावर बसून इतरांना कानस चालवताना पाहिले. लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत त्याला आकार देण्याचे यंत्र, न चालवता यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेणे मला पोहायला न शिकता पोहण्याचे प्रमाणपत्र घेण्यासारखे वाटू लागले.

आमच्या वर्गशिक्षिकांनी मला एकच सल्ला दिला : तोंडी बोलू नकोस, अर्ज कर आणि पोच घे. मी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहून आवक विभागात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व क्रमांक घेतला. पंधरा दिवस काहीच घडले नाही. दुसऱ्या अर्जात मी अधिनियमातील कलमांचा उल्लेख केला. कलम १६ नुसार शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने इमारत व सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा ठेवायच्या असतात आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची असते. कलम ३ असे सांगते की रास्त उद्दिष्टासाठी उचललेले प्रमाणशीर पाऊल असल्याशिवाय दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. सुरक्षितता हे रास्त उद्दिष्ट आहेच. सगळ्याच यंत्रांपासून दूर ठेवणे प्रमाणशीर आहे का, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर न मिळाल्यास पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे दाद मागेन, असे शेवटच्या ओळीत लिहिताना माझा हात थरथरला होता, हे कबूल करते.

आठवड्याभरात बैठक बोलावली गेली. अधीक्षकांनी आपले आक्षेप मुद्देसूद मांडले आणि त्यातले दोन आक्षेप खरे होते. पहिला बुटांचा : माझे कॅलिपर साध्या चामडी बुटाला जोडलेले होते आणि कार्यशाळेत पोलादी टोपीचे बूट लागतात. कॅलिपर बनवणाऱ्या कारागिराने ते तसल्या बुटाला बसवून दिले. दुसरा आक्षेप वजनदार होता. आमच्या लेथला यंत्र तात्काळ थांबवण्यासाठी पायाखाली ब्रेकची पट्टी होती, आणि आणीबाणीच्या क्षणी एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्याने ती दाबणे माझ्याकडून होईल याची हमी मीही देऊ शकत नव्हते. तेव्हा तिथले जुने निदेशक म्हणाले, "हाताच्या उंचीवर लाल मशरूम बटण बसवू या." बटण दाबल्यावर वीज तुटते, पण चक (धातूचा तुकडा पकडून फिरणारा भाग) जडत्वाने काही फेरे फिरत राहतो, म्हणून मी कमी वेगावरच काम करायचे आणि निदेशक शेजारी उभे राहतील, असे ठरले. कुबडी यंत्रापासून दूर भिंतीवरच्या खुंटीला अडकवायची. फिटिंगच्या बाकावर व्हाइससमोर (तुकडा घट्ट पकडणाऱ्या शिकंजासमोर) मला उंच स्टूल मिळाले, मात्र फिरत्या यंत्रासमोर बसायचे नाही, हे मी वाद न घालता मान्य केले.

पायऱ्यांचे काम मात्र लांबले. आधी प्लायवूडचा एक उतार आणून टाकला गेला. मी टेपने मापले : उंची पाऊण मीटर, लांबी अडीच मीटर, म्हणजे साधारण सव्वातीनास एक. व्हीलचेअरवरच्या माणसाला त्यावरून उतरवणे म्हणजे त्याला ढकलून देणेच होय. मान्य प्रमाण बारास एक असल्याने पाऊण मीटरसाठी नऊ मीटर लांबी लागते. स्थापत्य शाखेच्या मुलांनी ऑटो लेव्हल लावून जागेची पातळी घेतली आणि तो आराखडाच आपला प्रकल्प म्हणून सादर केला. पुढच्या जूनमध्ये दोन्ही बाजूंना कठडे असलेला काँक्रीटचा रॅम्प तयार झाला. पहिल्या दिवशी त्याचा सर्वाधिक उपयोग ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या ढकलगाडीला झाला.

त्या वर्षीच्या अग्निशमन सरावात आणखी एक उणीव लक्षात आली. आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या अभियांत्रिकी आरेखन कक्षातून मी कशी उतरणार, याचा उल्लेख योजनेत कुठेच नव्हता. आता तिथे प्रत्येक सत्राला दोन सोबत्यांची नावे लिहिलेली असतात.

फिटिंगमधला माझा पहिला जॉब व्ही-फिटचा, म्हणजे इंग्रजी V आकाराच्या खाचेत तसाच तुकडा बसवण्याचा, होता. चौदा तास कानस घासून मी पोलादाचे दोन्ही तुकडे एकमेकांत बसवले आणि मोठ्या अभिमानाने त्याच निदेशकांसमोर ठेवले. त्यांनी ते खिडकीच्या उजेडासमोर धरले. फटीतून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. "उजेड दिसतोय," एवढेच बोलून त्यांनी जॉब माझ्या हातात परत दिला आणि पुढच्या मुलाकडे वळले. मी स्टुलावर बसून पुन्हा कानस हातात घेतली.