सायनसमधली बुरशी : दादाच्या आजारपणातला माझा अनुभव

दादाला ब्लड कॅन्सर, एएमएल. केमोनंतर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500च्या खाली गेले आणि ताप कुठल्याच अँटिबायोटिकला दाद देईना. मग एका सकाळी म्हणाला, "अगं, हा गाल बधिर झालाय बघ, दात काढताना होतो तसा." नाकातून पू नाही, काही नाही. पू येणार कुठून? तो बनतो मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशींचा, आणि त्याच अंगात उरल्या नव्हत्या.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी खाटेपाशीच दुर्बीण घातली. आत एक जागा फिकट, कडेला काळपट. चिमट्याने धरली तरी रक्त आलं नाही, दादाला दुखलंही नाही. मला हायसं वाटलं, डॉक्टर मात्र गप्प झाले. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवते, मग तेवढा भाग मरतो. म्हणून दुखत नाही.

प्लेटलेट चढवून त्याच रात्री मेलेला भाग खरवडून काढला. तुकडे दोन डब्यांत: एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा नुसत्या सलाइनमध्ये, कारण फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते आणि कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघतात त्यात, काही उगवत नाही. डब्या घेऊन वहिनीच लॅबला गेल्या.

रिपोर्टची वाट न पाहता लायपोसोमल अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं इंजेक्शन सुरू झालं. 2021मध्ये याच इंजेक्शनसाठी अख्खं इंदूर वणवण फिरलं होतं, त्यामुळे नातेवाइकांनी 'म्युकरच', म्हणजे तेव्हाची ती काळी बुरशीच, म्हणून निकाल लावून टाकला. पिवळसर औषध, फक्त डेक्स्ट्रोजमधून. सलाइनशी त्याचं जमत नाही, म्हणून सिस्टर आधी नळीही डेक्स्ट्रोजने धुवायच्या. रोज रक्तात क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियम, मॅग्नेशियम. पोटॅशियम सारखं घसरायचं.

कल्चरमध्ये निघाला ॲस्परजिलस फ्लेव्हस, म्युकरहून वेगळी बुरशी. मग व्होरिकोनाझोल, बुरशीवरचंच दुसरं औषध. हे म्युकरवर चालत नाही, म्हणून बुरशी कोणती हे कळेपर्यंत अँफोटेरिसिनच बरं. कुणी फ्लुकोनाझोल हे बुरशीचं औषध सुचवलं तर सरळ नाही म्हणा, या दोन्ही बुरश्यांवर ते निरुपयोगी आहे.

व्होरिकोनाझोलची गोळी जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर. इंदुरी माणसाला पोह्यांसाठी तासभर थांबवणं ही वेगळी शिक्षा! सुरुवातीला दादाला दिवे भगभगीत दिसायचे, उन्हात कातडी भाजायची. रक्तातली पातळी तपासून डोस बदलावा लागला.

खरा उतार पडला तो पांढऱ्या पेशी वाढल्यावर. औषध आणि सर्जरी तोवर किल्ला लढवतात, असं माझं मत झालंय. आईने गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंड्या शेजारी दिल्या, मातीत बुरशी असते म्हणून. पुढची केमोही व्होरिकोनाझोल चालू ठेवूनच झाली. हे औषध बऱ्याच औषधांशी भांडतं, त्यामुळे नवी चिठ्ठी आली की वहिनी आधी केमोच्या डॉक्टरांना फोटो पाठवतात, मगच मेडिकलमध्ये जातात.