चिठ्ठीतलं भोक

पारोळ्याच्या मावशींनी साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. सोबत कॉलेजातला नातू. "पहिली आवृत्ती आहे काका, 1935ची," तो म्हणाला.

जळगावात जुनी पुस्तकं घेता-विकताना हे वाक्य मी फार ऐकतो. साने गुरुजींचं अमळनेर जवळच, त्यामुळे 'श्यामची आई'च्या 'पहिल्या' प्रती तर येतच राहतात. हे मात्र दुसरंच होतं, मुलांच्या गोष्टींचं, आणि मलाही आतून वाटत होतं की पोराचं म्हणणं खरं निघावं.

1867च्या कायद्यानं मुद्रकाचं नाव पुस्तकावर छापावंच लागायचं, म्हणून जुन्या पुस्तकात मी आधी ते बघतो. आवृत्तीही बहुतेकदा तिथंच असते. इथं नेमकं ते पान फाटलेलं. प्रस्तावनेखाली शके 1857. त्यात 78 मिळवले की 1935. नातवानं हाच हिशोब केला होता. पण पुढच्या आवृत्त्यांतही पहिलीच प्रस्तावना तारखेसकट छापतात. मजकुरात 'नाहीं', 'घरांत' असे जुने अनुस्वार होते. शुद्धलेखनाचे नियम बदलले 1962 साली, म्हणजे एवढ्यावरून प्रत त्याआधीची वाटते, पहिली ठरत नाही.

त्याचा खरा भरवसा आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता. शाळेची बक्षिसाची चिठ्ठी, चौथीत पहिला नंबर, 1938, शिक्का 'जि. पूर्व खानदेश'. शाई, कागद, शिक्का, सगळं अस्सल.

मग मी शेवटचा फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदाच्या घडीतून शिवलेली शेवटची पानं, उघडली. शेवटची गोष्ट संपते त्याच कागदाच्या मागे प्रकाशकाच्या पुस्तकांची यादी होती. किमती रुपये आणि नव्या पैशांत. आणे जाऊन नवे पैसे आले 1 एप्रिल 1957ला. वेगळं जोडलेलं पान असतं तर शंका घेतली असती, पण फर्मा एकच, शिलाई मूळची. मग 1938चं बक्षीस या पुस्तकात कसं?

चिठ्ठी उजेडाकडे धरली. कसरीनं तिला दोन भोकं पाडली होती, टाचणीच्या डोक्याएवढी. खालचं पान कोरं, धड. किडा चिठ्ठी खाऊन बरोबर पानापाशी थांबत नसतो. तिला भोकं पडली ती दुसऱ्याच पुस्तकात.

हे सांगताना माझा आवाज खाली गेला. नातू गप्प झाला. मावशींनी मात्र चिठ्ठीवर बोट ठेवलं. "पहिलं पुस्तक वाळवीनं खाल्लं होतं ना," त्या सावकाश म्हणाल्या. "मी पहिलीत गेले तेव्हा बापानं धुळ्याहून हेच पुस्तक नवं आणलं. चिठ्ठी तेवढी वाळवीतून वाचली होती, ती यात चिकटवली." चिठ्ठीच्या कडेला शाईनं मावशींचं नाव होतं. इतका वेळ मी ते नुसतं वाचून सोडलं होतं.

"हाई अक्षर मना बापनं शे," त्या नातवाला अहिराणीत म्हणाल्या.

संग्राहक या प्रतीला फारसे पैसे देणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी विकायचा विषयच परत काढला नाही. चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता, तो लावून द्याल का, एवढंच विचारलं. मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलं, कोपरा बसवला आणि वर वजन ठेवलं. वाळेपर्यंत तासभर दोघं दुकानातच बसले. नातू त्यांना त्यातली दुसरी गोष्ट वाचून दाखवत होता, आणि अडला की मावशी पुढचं वाक्य पाठ म्हणत होत्या.